मदत हवी आहे: विज्ञान स्पर्धेत मुलाचं काम कोणतं आणि पालकांचं कोणतं, हे कसं ओळखायचं?

चाफा
पुढच्या शनिवारी आमच्या माजी विद्यार्थी संघाची आंतरशालेय विज्ञान-तंत्रज्ञान नवकल्पना स्पर्धा आहे. गेल्या वर्षी आपोआप उघडणाऱ्या कचरापेटीला पहिला नंबर दिला आणि दोन दिवसांत कुणीतरी तिचाच यूट्यूब व्हिडिओ ग्रुपवर टाकला. डब्याचा रंगसुद्धा तोच. वर्षभर टोमणे खातोय. यंदा गुणपत्रकच असं पाहिजे की हे आधीच कळावं. हॉल, परीक्षक, ढाली सगळं तयार आहे. नमुना असेल तर टाका, जरा लवकर.

निवृत्त_मास्तर
ताई, शाळा किती, इयत्ता कोणत्या, प्रकल्प किती, परीक्षक किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही. डोळे मिटून गुणपत्रक कसं द्यायचं?

चाफा
नेहमीसारखीच स्पर्धा आहे हो सर. नमुना द्या, फेरफार आम्ही करू. आणि मी ताई नाही.

सोल्डरगन
कचरापेटी म्हणजे आर्डुइनो युनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), एचसी-एसआर०४ सेन्सर (आवाज सोडून अंतर मोजणारा) आणि झाकण उचलायला एक छोटी सर्वो मोटर. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास सगळं एका पिशवीत मिळतं. यंदा तुमच्याकडे 'अंधांसाठी स्मार्ट काठी' येणार, लिहून ठेवा. तोच सेन्सर, फक्त सर्वोच्या जागी बझर.
गुणपत्रक राहू दे, मुलाला एकच विचारा: अंतर काढताना शेवटी दोनने का भागलंस? आवाज जाऊन परत येतो, म्हणून. ज्याने स्वतः केलंय तो हात पुढे-मागे करून दाखवतो. मग सेन्सरसमोर गोधडी धरा. मऊ कापड आवाज शोषतं, आकडा वेडावाकडा येतो. स्वतः खटपट केलेलं पोरगं हसतं आणि 'हो सर, पडद्यासमोर असंच होतं' म्हणतं. बाकीचे वडिलांकडे बघतात.

रानजाई
आणि बुजरं पोरगं असेल तर? गावाकडची मुलं अनोळखी माणसासमोर स्वतःचं नावसुद्धा हळू सांगतात. तुमच्या उलटतपासणीत चुणचुणीत पोरं जिंकतील, काम केलेली नाही.

सोल्डरगन
उलटतपासणी कुठे? गोधडी धरायला सांगितली.

दुपारचा_चहा
तुम्ही इन्स्पायर मानकला का नाही भरत? केंद्र सरकारची योजना आहे, शाळेने ऑनलाइन कल्पना पाठवायची, निवड झाली की मुलाच्या खात्यात १०,००० रुपये. माझ्या भाचीला मिळाले होते. पासबुकच नव्हतं, बँकेत तीन खेपा झाल्या, त्यात आधारवर आडनाव वेगळं...

निवृत्त_मास्तर
त्यांची स्पर्धा शनिवारी आहे हो.

अंधेरीची_आई
आमच्या लेकीने होमी भाभा बालवैज्ञानिक दिली होती. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना १९८१ पासून घेते, सहावी आणि नववीसाठी. लेखी, प्रात्यक्षिक, मग कृतिप्रकल्प आणि मुलाखत. त्या प्रकल्पाच्या वेळी माझाच हात शिवशिवायचा, खोटं कशाला बोलू. तक्त्याची अक्षरं मी काढली. पालकांना सरसकट चोर ठरवू नका, मदत आणि मजुरी यात फरक असतो.

रानजाई
अक्षरांपासूनच सुरुवात होते ताई.

निवृत्त_मास्तर
राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते. तिथे मी मुलं नेली आहेत, म्हणून सांगतो, मॉडेल नंतर बघा, आधी नोंदवही मागा. माझी एक विद्यार्थिनी लाल आणि काळ्या माठातल्या पाण्याचं तापमान रोज तीनदा घ्यायची. अकराव्या दिवशी थर्मामीटर फुटला. नव्यावर आकडे एका अंशाने जास्त यायला लागले, तर पोरीने मागचे खोडले नाहीत. समासात लिहिलं, 'आजपासून दुसरा थर्मामीटर, जुना बहुतेक कमी दाखवत होता.' वहीवर पाण्याचे डागही होते. असली वही आदल्या रात्री बसून तयार करता येत नाही.

वायरमन_आबा
हॉलमध्ये प्लग किती आहेत?

चाफा
नोंदवहीचं पटलं, पण शाळांना तसं कळवलेलं नाही, आता ऐन वेळी कुठून आणतील? बरं, आकडे घ्या: पाचवी ते दहावी, १९ शाळा, ५२ प्रकल्प, ३ परीक्षक, वेळ ११ ते १. नंतर पाहुण्यांचं भाषण.

सोल्डरगन
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना! तिघांची मिळून ३६० मिनिटं. एका प्रकल्पाला सात मिनिटंही नाहीत, आणि तो एकाच परीक्षकाने बघितला तर. एक परीक्षक हात आखडता घेऊन १०० पैकी ५५ देणार, दुसरा खुशाल ८५. तुमचा पहिला नंबर म्हणजे दिलदार परीक्षक ज्याच्या वाट्याला आला तो.

निवृत्त_मास्तर
आणि पाचवी, दहावी एकाच गटात? दोन गट करा आधी.

रानजाई
बुधवारपर्यंत प्रत्येक मुलाकडून हाताने लिहिलेलं एक पान मागवा. काय अडचण होती, पहिल्यांदा काय केलं, काय फसलं. पानं वाचून १५-१६ निवडा. शनिवारी तेवढेच प्रकल्प तिन्ही परीक्षकांनी बघायचे, प्रत्येकी सात-आठ मिनिटं. गुणांची बेरीज नको, प्रत्येकाने आपापला क्रम लावायचा आणि क्रमांची बेरीज करायची. बाकीची मुलं मांडणार आहेतच, त्यांना आल्या-गेल्याशी बोलू दे.

सोल्डरगन
पान हातचं असलं तरी मजकूर चॅटजीपीटीचा नसेल कशावरून?

रानजाई
'काय फसलं' याखाली काय येतं बघा. वरवरचं असेल तर कळतं. मुलं लिहितात, 'फेविक्विक बोटाला चिकटला आणि आई ओरडली.'

अंधेरीची_आई
निवड न झालेल्यांनी एवढ्या लांबून येऊन नुसतं उभं राहायचं? पालक भांडतील. सगळ्यांना प्रमाणपत्र तरी द्या.

चाफा
प्रमाणपत्रं छापलीत. पाहुण्यांचं भाषण कमी करता येईल का हे अध्यक्षांना विचारतो, पण ते म्हणतील पाहुणे म्हणजे देणगी.

वायरमन_आबा
प्लग?

चाफा
आबा, दोन आहेत बहुतेक. एक्स्टेंशन बोर्ड लावू.

वायरमन_आबा
वाटलंच. ६ अँपिअरच्या प्लगवर २३० व्होल्टला १,३८० वॅटच जातात, बोर्ड कितीही जोडा. एखाद्याने पाणी उकळायला १,५०० वॅटची रॉड आणली की तिथेच खेळ संपला. हीटर, शेगडी, रॉड बंद. आर्डुइनोवाल्यांना पॉवरबँक आणायला सांगा. वायर जमिनीवरून नेऊ नका, पोरं पळतात. एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, कुठे आहे ते आधी बघून ठेवा, आमच्या इथल्या हॉलमध्ये त्याचीच खोली कुलूपबंद होती आणि चावीवाला लग्नाला गेलेला.

दुपारचा_चहा
भाचीचं पासबुक अखेर निघालं, ते सांगायचं राहिलं.

चाफा
दोन गट केले. एका पानाचा निरोप १९ शाळांना टाकला. पाच मिनिटांत एका सरांचा फोन, 'पान पालकांनी लिहिलं तर चालेल का?' मास्तर, यांना काय सांगू?

निवृत्त_मास्तर
सांगा, चालेल. मग शनिवारी वडिलांनाच टेबलाशी उभं करा.

वायरमन_आबा
आणि हॉलवर जाऊन प्लग मोजून या. 'बहुतेक' चालत नाही.