मदत हवी आहे: झोआ कोरल नऊ दिवस मिटलेले, मश्रूम कोरल दगड सोडून पडलं

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत खाऱ्या पाण्याचा तीन फुटी फिश टँक आहे, दगड-वाळू वजा जाता पाणी दीडशे लिटर. सुरू करून सात महिने झाले. दोन क्लाउनफिश आणि ‘हे काही केल्या मरत नाहीत’ म्हणून सगळ्यांनी गळ्यात मारलेले तीन मऊ कोरल: झोआ, मश्रूम, ग्रीन स्टार पॉलिप.

त्या न मरणाऱ्यांतले झोआ नऊ दिवस मिटून बसलेत. एरवी बशीसारखे पसरतात, आता नुसती बटणं. एक मश्रूम आक्रसून मनुक्याएवढं झालं आणि सुटून वाळूत पडलं. स्टार पॉलिप अर्धवट उघडतात.

पाण्याची मापं: नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०५, सॅलिनिटी म्हणजे खारेपणा १.०२५ (प्लास्टिकच्या काटेवाल्या हायड्रोमीटरवर मोजलेला). लाइट तोच. उन्हाळ्यामुळे वीस दिवसांपासून टँकवर पंखा आहे, रोज पावणेदोन लिटर पाणी उडतं, ते न चुकता भरतो. आयोडीनची आंघोळ घालू का? आणि हे सावरले तर टॉर्च कोरल घ्यावं का? दुकानदार आणून देतो म्हणतोय.

उत्तर १
भरता ते पाणी साधं की मिठाचं?

धागाकर्ता
मिठाचंच, १.०२५ चं बनवून ठेवलेलं. साधं घातलं तर खारेपणा उतरेल ना?

उत्तर १
इथेच घोळ आहे दादा. उडतं ते नुसतं पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. तुम्ही रोज वर साठेक ग्रॅम मीठ घालताय! काट्यावर मीठ साचलं की तो जड होऊन कमी दाखवतो, त्याच्यावर विसंबू नका. कुणाचा तरी रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारेपणा मोजणारं यंत्र) आणा. आयोडीन वगैरे काही नको.

उत्तर २
+१. पण एका दिवसात खाली आणू नका, उरलेलेही जातील. रोज चार-साडेचार लिटर काढून तितकंच आरओ घाला, म्हणजे ०.००१ च्या आसपास उतरेल. उडालेल्याची भरपाई वेगळी, तीही आरओनेच. स्वयंपाकघरातल्या आरओत चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ठेवलेला असतो, तो तपासा, शून्याजवळ हवा. झोआच्या दगडाला हात लावताना हातमोजे घाला. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. दगड गरम पाण्याने धुणं तर कधीच नको, वाफेनेही माणसं आजारी पडलीत.

टॉर्चचं म्हणाल तर तो दगडी कोरल. आपल्याकडे सगळे दगडी कोरल वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहेत. दुकानदाराला आणून द्यायला काय जातंय, तुम्ही मऊ कोरलच ठेवा.

धागाकर्ता
मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर आणला. १.०३२! डोकंच धरलं. टॉर्च रद्द.

आज चौथा दिवस, १.०२८ वर आलोय. कडेचे दोन झोआ किलकिले झालेत. मश्रूम वाहून जाऊ नये म्हणून दगडाच्या चुरीसकट प्लास्टिकच्या चहाच्या गाळण्यात ठेवलंय. आईने नवीन गाळणं आणायला सांगितलंय. मश्रूम चिकटायला किती दिवस धरू?

उत्तर १
एक-दोन आठवडे. प्रवाह कमी ठेवा आणि रोज उचलून बघू नका.