एसएफडीआय: डीमॉड्युलेशननंतरही पट्टे उरतात

तापीकाठ
जळगावला कॉलेजच्या लॅबमध्ये एसएफडीआयचा (त्वचेवर उजेडाचे पट्टे पाडून ती किती उजेड शोषते, किती विखुरते हे काढायची पद्धत) सेटअप उभा केलाय. साधा डीएलपी प्रोजेक्टर, १२ बिट मोनो कॅमेरा, ०.२ प्रति मिमीची साइन पट्टी (उजेड लाटेसारखा कमी-जास्त होणारी). पट्टीची फेज ०, १२०, २४० अंशांनी सरकवून तीन फोटो, एक्स्पोजर ४० मिलिसेकंद. तिन्ही फोटोंवरून पट्टे काढून टाकल्यावर (डीमॉड्युलेशन) मिळणाऱ्या एसी प्रतिमेत मनगटावर बारीक पट्टे उरतातच, आणि कडेला शोषण भलतंच जास्त येतं. संदर्भाला जिलेटिनचा फँटम (त्वचेसारखा बनवलेला नमुना) आहे. कुठे बघू?

धुळे_ऑप्टिक्स
भाऊ, आधी उरलेल्या पट्ट्यांमधलं अंतर मोजा. मूळ पट्टी ५ मिमीची. उरलेलीही ५ ची असेल तर तिन्ही फोटोंचा उजेड सारखा नाही. २.५ ची असेल तर फेज नेमकी १२० ने सरकत नाही, किंवा हात हलतोय. १.६७ ची, म्हणजे एका पट्टीत तीन, असेल तर गॅमा, म्हणजे प्रोजेक्टरचा उजेड दिलेल्या आकड्याच्या सरळ प्रमाणात पडत नाही.

माझा पहिला संशय एक्स्पोजरवर. ४० मिलिसेकंदांत प्रोजेक्टरच्या ६० हर्ट्झच्या २.४ फ्रेम बसतात, कलर व्हील (आळीपाळीने रंग दाखवणारी फिरती चकती) अर्ध्यातच कापलं जातं. ५० ठेवा: पूर्ण ३ फ्रेम, शिवाय ट्यूबलाइटच्या १०० हर्ट्झचे पूर्ण ५ झोके. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर, प्रोजेक्टरचा डायनॅमिक काँट्रास्ट (चित्रानुसार उजेड आपोआप बदलणं) आणि कीस्टोन (तिरपं चित्र आपोआप सरळ करणं) बंद. गॅमासाठी ० ते २५५ राखाडी १६-१६ च्या पायरीने पाडा, सरासरी उजेड नोंदवा आणि उलटा तक्ता करून साइन त्यातून काढा.

हात हलतोय की काय ही शंका फेडायला केळं ठेवा. आपल्याकडे त्याला तोटा नाही, आणि ते हलत नाही.

यावलकर
कडेचं शोषण खोटं आहे. मनगट गोल, तिथे उजेड तिरपा पडतो, परत कमी येतो, आणि गणित त्याला शोषण समजतं. फेजवरून उंची काढून दुरुस्ती होते, पण फार उताराची कड सरळ गाळा. सुरुवातीला कोपराखालचा सपाट भाग घ्या, संदर्भ त्याच उंचीवर ठेवा. दोन पोलरायझर आडवे-उभे (एक प्रोजेक्टरवर, एक कॅमेऱ्यावर) लावलेत ना? नसतील तर त्वचेची चकाकीही हिशेबात शिरते.

मे महिन्यात जिलेटिन नको, टेबलावरच पाघळतं. १% अगर घ्या: ९५० मिली पाण्यात १० ग्रॅम उकळा, ५० अंशांच्या आसपास आल्यावर २०% इंट्रालिपिड (सलाइनसारखं शिरेतून देतात ते दुधाळ चरबीचं द्रावण) ५० मिली ढवळा. गरम असतानाच ओतलं तर ते फाटू शकतं. ६३० नॅनोमीटरला रिड्यूस्ड विकिरण (उजेडाचं प्रभावी विखुरणं) साधारण १ प्रति मिमी येतं. जाडी ३ सेंमी तरी हवी, नाहीतर तळाचा रंग दिसतो. वर प्लास्टिक गुंडाळा, सुकलं की आकडे सरकतात.

तापीकाठ
उरलेली पट्टी ५ मिमीचीच. एक्स्पोजर ५० करतो. याच प्रोजेक्टरवर रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाणही काढता येईल का?

धुळे_ऑप्टिक्स
नीट नाही. त्यासाठी ६६० आणि ८५० नॅनोमीटरसारखी जोडी लागते, आणि साध्या प्रोजेक्टरमधून ८५० बाहेरच पडत नाही. वेगळा एलईडी आणि उघडी डीएमडी (डीएलपी प्रोजेक्टरमधली बारीक आरशांची चिप) लागेल.