मदत हवी आहे: सिलिकॉनची पट्टी ४५ अंशांत फिरवूनही ताठरपणा तेवढाच!

नमस्कार मंडळी, चार दिवस एकाच ठिकाणी अडकले आहे.

एकस्फटिक सिलिकॉनच्या छोट्या पट्टीचं फायनाइट एलिमेंट मॉडेल (वस्तूचे छोटे तुकडे पाडून संगणकावर केलेली आकडेमोड) करते आहे. स्फटिक घनाकृती, त्यामुळे २१ लवचिकता स्थिरांकांपैकी (ताण आणि विकृती यांचं नातं सांगणारे आकडे) तीनच उरतात: सी११ = १६५.७, सी१२ = ६३.९, सी४४ = ७९.६ गिगापास्कल. [१००] दिशेला, म्हणजे घनाच्या कडेला समांतर, ओढलं की यंगचा गुणांक (ओढताना दिसणारा ताठरपणा) १३० येतो, बरोबर. [११०] ला, म्हणजे कडेपासून ४५ अंशांवर, १६९ यायला हवा. पण तिथेही १३०च! मेश (तुकड्यांची जाळी) बारीक केली, टोकाच्या अटी तपासल्या, आकडा ढिम्म हलत नाही.

काल रात्री वहीत घनाची २४ भ्रमणं (ज्यांनी फिरवल्यावर घन आधीसारखाच दिसतो) लिहिताना शंका आली. स्थिरांक मी स्क्रिप्टमधून ४५ अंश फिरवून देते आणि पट्टीला स्थानिक अक्षही ४५ अंशांचेच दिलेत. म्हणजे एकूण ९० अंश, आणि ते तर त्याच २४ पैकी, घनाच्या सममिती गटातलंच भ्रमण! स्फटिक जागच्या जागी. लगेच दोन्हीकडे २२.५ अंश देऊन पाहिलं, तर १६९ आला.

आता विचारायचं आहे ते असं: स्थिरांक फिरवावेत की फक्त अक्ष? अक्ष ठेवले तर ताण कोणत्या अक्षांत छापले जातात, ते कसं ओळखायचं? आणि कर्तन घटकांचा (सरकवणाऱ्या ताणांचा; आकडे म्हणजे अक्षांच्या जोड्या) क्रम पुस्तकात २३, १३, १२ आहे, माझ्या सॉफ्टवेअरमध्ये १२ आधी येतो. न फिरवलेल्या घनात हा घोळ दिसतच नाही, कारण तिन्ही ७९.६. फिरवल्यावर मात्र १२ या जोडीचा स्थिरांक ५०.९ होतो. हे पडताळायला एका एलिमेंटची सोपी चाचणी कुणाकडे असेल तर कृपया द्या. शुक्रवारी सरांना निकाल दाखवायचे आहेत.