बाबांची 64 ची उघडी हेराल्ड विकायचीये, किंमत काय सांगू?

एरंडवण्याची_मीरा
नमस्कार मंडळी. बाबांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, 1964 ची, कन्व्हर्टिबल. आमचा बंगला रिडेव्हलपमेंटला चाललाय, दोन महिन्यांत गॅरेज रिकामं करायचंय आणि गाडी 2006 पासून तिथेच एका जागी उभी आहे. इंजिन जाम, ब्रेक नाहीत, चारही टायर बसलेत, डावीकडच्या सीटखालून सरळ जमीन दिसते, कापडी हुडच्या चिंध्या झाल्यात. भंगारवाला 35 हजार म्हणतो, ओळखीचे एक मेकॅनिक म्हणाले पाच लाखांच्या खाली तोंड उघडू नका, आणि ऑनलाइन एकाने चकचकीत लाल हेराल्डला नऊ लाख लावलेत. आधी दुरुस्त करून मग विकू की आहे तशीच देऊ? मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, बाबा 2019 ला गेले, भाऊ टोरांटोला आहे आणि तो म्हणतो तू बघ काय ते.

जुना_बाजार_रविवार
ताई माझं ऐका, 40-50 हजार टाकून एक झकास रंग मारून घ्या आणि सीटा शिवून घ्या. गिऱ्हाईक डोळ्याने गाडी घेतं. लाल किंवा क्रीम. लाखभर तरी वाढतील.

पाना_काका
रंग अजिबात मारू नका. जुन्या गाड्या घेणारा माणूस खिशात चुंबक घेऊन येतो, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी, आणि नवा रंग दिसला की तो आधी हाच विचार करतो की खाली काय झाकलंय. बाबांच्या वेळचा फिकट का असेना मूळ रंग असेल तर तोच राहू दे, फक्त धूळ पुसा, प्रेशरने धुऊ पण नका.

मी हेराल्ड अकरा वर्षं चालवली आहे म्हणून जरा लांबण लावतो. या गाडीला चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वेगळी आणि बॉडी वेगळी, वरून बोल्टने बसवलेली. त्यामुळे तळाचा पत्रा सडला म्हणजे गाडी संपली असं नाही, फियाट 1100 असती तर मी हात जोडले असते कारण तिथे बॉडी हीच चॅसी. तुम्ही टॉर्च घेऊन खाली वाका आणि चॅसीतून दोन्ही बाजूंना निघालेले लोखंडी हात बघा, स्क्रू ड्रायव्हरने टोचून. आत गेला तर खर्च मोठा, टणटण वाजला तर नुसतं पत्र्याचं काम. बॉनेट मडगार्डसकट पूर्ण पुढे उघडतं, तसं उघडून दिवसाच्या उजेडात इंजिनचे फोटो काढा, इतकी सोय फार थोड्या गाड्यांत असते.

इंजिनला स्टार्टर मारू नका कोणी कितीही सांगितलं तरी. प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं डिझेल नाहीतर गिअरबॉक्सचं पातळ ऑइल सोडा, आठवडाभर तसंच ठेवा आणि मग पुढून पान्याने हळू फिरवून बघा. फिरलं तर जाहिरातीत "इंजिन हाताने फिरतं" एवढं लिहिता येईल आणि त्या तीन शब्दांना पैसे मिळतात. याच्या पलीकडे एक रुपया घालू नका. गॅरेजवाला दोन महिने म्हणून दोन वर्षं ठेवतो, तुमच्याकडे तेवढा वेळच नाही.

आता मुख्य प्रश्न. आरसीवर बॉडी टाइप काय लिहिलंय? आणि गाडीला कधी टप होता का? कंपनीतून उघडी निघालेली हेराल्ड इंग्लंडात 1960 पासून मिळायची, पण आपल्याकडे उघड्या फिरलेल्या बऱ्याच म्हणजे साध्या सलूनचा, म्हणजे बंद गाडीचा, टप बोल्ट काढून उतरवलेल्या. तो खरंच निघतो, तशीच रचना आहे.

एरंडवण्याची_मीरा
काका, आत्ता आरसी बुक काढून बघितलं, "सलून" लिहिलंय 😐 आईला विचारलं तर ती म्हणाली लग्नानंतर महाबळेश्वरला जायचं म्हणून बाबांनी टप काढला आणि नाना पेठेतून कापडी हुड शिवून आणलं, आणि तो टप गच्चीवर आहे. गच्चीवर!! मी त्यालाच इतकी वर्षं पाण्याच्या टाकीचं झाकण समजत होते, वर माझ्या कोरफडीच्या कुंड्या आहेत.

पाना_काका
कुंड्या उतरवा. आजच. तुमच्या गाडीत सगळ्यात महाग वस्तू तीच आहे.

आरटीओच्या_फेऱ्या
काका बरोबर बोलतायत, कारण कागदाने बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा वेगळी बॉडी चालत नाही आणि 2019 ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. म्हणजे आज ती ना धड कन्व्हर्टिबल ना धड सलून. टप परत बसला की कागद आणि गाडी जुळले. शिवाय 2021 पासून विंटेजचे वेगळे नियम आहेत, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली गाडी, पण मूळ रूपात हवी, चॅसी बॉडी इंजिन यात मोठे फेरफार नकोत. नव्याने नोंदणीला फी 20 हजार, दहा वर्षांसाठी, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. हे घेणारा करेल, तुम्ही करू नका, फक्त त्याला ते करता येईल अशी गाडी द्या.

तुमचं काम वेगळं आहे. गाडी अजून बाबांच्या नावावर आहे ना? मग तुम्ही ती विकूच शकत नाही. आधी फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर, त्याला मृत्यूचा दाखला, आईचं आणि भावाचं ना-हरकत, भावाचं तिकडच्या वकिलातीतून अटेस्ट करून मागवा, याला वेळ लागतो म्हणून हे काम आजच सुरू करा. मग विकताना फॉर्म 29 आणि 30. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका. नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच, उद्या त्याने कुणाला ठोकलं तर नोटीस एरंडवण्यात येणार. रिन्युअल किती वर्षं थकलंय तेही बघा, त्याचा दंड आणि पर्यावरण कर कोण भरणार हे किंमत ठरायच्या आधी बोला, नंतर नाही. (मी हे नंतर बोललो होतो. विषय नको.)

एरंडवण्याची_मीरा
ठीक आहे पण आकडा कोणीच सांगत नाहीये 😅

पाना_काका
आकडा असा काढा. ऑनलाइनचे नऊ लाख विसरा, ती मागायची किंमत आहे, मिळालेली नव्हे. चालू, कागद क्लिअर, नीटनेटकी हेराल्ड तुमच्या ओळखीत प्रत्यक्ष कितीला गेली ते दोघातिघांना विचारा. समजा साडेचार निघाले. त्यातून पत्रा, इंजिन, ब्रेक, टायर, वायरिंग असा खर्च वजा, समजा अडीच. उरले दोन. यातूनही वीसेक टक्के सोडा, कारण उघडल्यावर आत काय निघेल हा धोका तो घेतोय आणि एक वर्ष त्याच्या अंगणात ती नुसती उभी राहणार आहे. म्हणजे दीड-पावणेदोन. टप नसता आणि कागद अडकलेले असते तर मी लाखाच्या आत म्हणालो असतो. पाच लाखवाल्या मेकॅनिकला म्हणावं तूच घे.

आणि एक, जाहिरातीत वाईट आधी लिहा. सडलेल्या तळाचा फोटो पहिल्या तिनात टाका. फुकट बघायला येणारे कमी होतात.

कोल्हापूरचा_पांडबा
नाद खुळा टपाची गोष्ट! ताई मी स्वतः हेराल्डच्या शोधात आहे म्हणून आधीच सांगतो मी घेणाऱ्याच्या बाजूचा माणूस, पण काका बोलले त्यात खोट नाही. माझ्याकडं स्पिटफायरचे, म्हणजे ट्रायम्फच्या दोन सीटच्या गाडीचे, काही पार्ट पडलेत, चॅसी त्याच घराण्यातली, पुढच्या चाकाचं बरंच सामान एकमेकाला चालतंय. बाबा पुढच्या ट्रनियनला, म्हणजे चाक वळतं त्या सांध्याला, ग्रीस मारायचे का गिअर ऑइल भरायचे? ग्रीस मारत असतील तर ते सगळं बदलावं लागतंय, नाहीतर वळणावर चाक बाहेर येतंय, थट्टा नाही.

जाहिरात टाकला की पहिल्या तासात एक "आर्मीवाला" फोन करणार, गाडी न बघता पूर्ण पैसे देतो, फक्त क्यूआर स्कॅन करा म्हणणार. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, फोन ठेवून द्या. दिल्लीवाला आला तर त्यालाच विचारा, तिथं पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीचं काय करणार हायस म्हणून. आणि गाडी ओढत नेऊ देऊ नका कुणाला, ब्रेक धरलेले असतील, फ्लॅटबेडवरच, म्हणजे सपाट ट्रकवर, चढवायची. भाडं घेणाऱ्याचं.

मी रविवारी येऊन बघू का?

एरंडवण्याची_मीरा
या की. अपडेट: इंजिन नवव्या दिवशी फिरलं, शेजारच्या जोशीकाकांनी पाना लावला आणि मला फोन करून खाली बोलावलं, दोघंही उगाच हसत होतो. चॅसीचा उजवीकडचा एक हात टोचला तर आत गेला, बाकी टणटण. भावाने वकिलातीची वेळ घेतलीये. टपाला मागे थोडा गंज आहे पण सरळ आहे. जाहिरातीत 1 लाख 80 लिहिलेत, दीडच्या खाली देणार नाही, पांडबा तुम्ही हे वाचताय हे मला माहितीये तरी लिहिते.

ट्रनियनचं मला कसं कळणार म्हणून बाबांचं कपाट उघडलं. गिअर ऑइलचा अर्धा डबा सापडला. आणि त्याच्यामागे बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आत तेलात बुडवलेले सगळे बोल्ट, वर चिकटपट्टीवर बाबांचं अक्षर: "हेराल्डचा टप. फेकू नये."