शब्दचर्चा : ‘डिझाइन लीडरशिप’ला आपला शब्द काय?

कुपवाडकर : कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला आहे. आमच्याकडचे काही कारखानदार मिळून व्याख्यान ठेवतायत. विषय असा, की बाजाराचा भरवसा नसतो तेव्हा धंद्यात डिझाइनची सूत्रं कोणाच्या हातात असावीत. मराठी निमंत्रणाचं काम माझ्या गळ्यात पडलं. इंग्रजी विषयाचं ‘अनिश्चित आर्थिक काळातील अभिकल्प नेतृत्व’ असं मराठी करून शेठना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “अभिकल्प कोण ओ? वक्ते का?” शब्द सुचवा.

जुना पाटबंधारी : आमच्या खात्यात संकल्पचित्र. नाशिकला ‘मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना’ नावाचं अख्खं ऑफिस आहे. धरणाला शब्द शोभतो. पण यंदा कुठला माल काढायचा, कुठला बंद करायचा, हे काही चित्रात येत नाही. मंदीत डिझाइनचं निम्मं काम तेच असणार.

मिरजेची तार : ‘घाट’ घ्या की. भांड्याचा घाट, पाटल्यांचा घाट. आमच्याकडे तंबोऱ्याचा घाट भोपळ्यावरून ठरतो. पंढरपूरकडचा भोपळा येतो, त्याचा घेर हाताने जोखून मग दांडीचं माप. मनात मोठा तंबोरा असून उपयोग नाही, भोपळा तेवढा पाहिजे.

कुपवाडकर : झकास आहे. पण ‘घाट घातला’ म्हटलं की मागोमाग ‘सांगितलं कुणी होतं?’ येतंच. आमचे शेठ तर पहिलं तेच विचारतील.

खडू-कात्री : माझं मत ‘बेत’. गणपती पेठेत आमच्या वडिलांचं शिवणाचं दुकान होतं. गिऱ्हाईक कापड कमी घेऊन यायचं आणि म्हणायचं, “बसवा की मामा.” वडील पन्हा मोजायचे, बाही आडवी लावून बघायचे, कॉलर जोडात काढायचे, खडूच्या रेघा दोनदा पुसायचे. “बेतून बघतो, मग सांगतो.” बेतून होईपर्यंत कात्रीला हात नाही. आता हाच शब्द फिरवून बघा : परिस्थिती बेताची. म्हणजे डिझाइन आणि टंचाई, दोन्ही एकाच शब्दात. इंग्रजीला त्यासाठी अख्खी ओळ लागली.

जुना पाटबंधारी : बुद्धीही बेताचीच असते, आणि प्रकरण जिवावरही बेततं. निमंत्रणावर हे चालेल?

खडू-कात्री : मंदीत धंद्यावर बेतलेलंच असतं काका, म्हणून तर व्याख्यान! खर्च कमी करायचा म्हणजे बेतणं, असं मात्र नाही. नुसती कात्री कुणीही चालवतं. बाही अर्धी करून वर शर्ट देखणा दिसला पाहिजे. ब्रिटिश सरकारने औद्योगिक डिझाइनसाठी कौन्सिल काढलं ते १९४४ साली, युद्ध चालू असताना. तिजोरी काही भरलेली नव्हती तेव्हा.

कुपवाडकर : ‘बेत’ पक्का. आता लीडरशिप. नेतृत्व म्हटलं की बॅनर डोळ्यांपुढे येतो, पुढारपणाचं तर विचारूच नका.

मिरजेची तार : मेस्त्री! पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आलेला, पण आता आपलाच. मेस्त्री स्वतः रंधा मारतो आणि दहाजणांना कामालाही लावतो. ‘डिझाइन हेड’ला खुर्ची असते, मेस्त्रीच्या कानावर पेन्सिल.

जुना पाटबंधारी : हे पटलं. पण मेस्त्रीला मालकाची साथ लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आठवा. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात, पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० ची किर्लोस्करवाडी त्यानंतरची. तिथे मालक आणि मेस्त्री एकच होते, म्हणून निभावलं. तुमच्या शेठनी दोन महिन्यांत पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा काढतात तो नमुना) अडगळीत टाकला असता.

कुपवाडकर : शेठ हे वाचत नाहीत, तेवढं बरं. आमच्याकडे ऑर्डरी थंडावल्या की पहिली गदा पॅटर्न शॉपवरच येते. मागच्या खेपेला लाकडी पॅटर्न शेडबाहेर पावसात राहिले, फुगून वाकडे झाले. काम परत आलं तेव्हा सगळे नव्याने करावे लागले.

(चार दिवसांनी) छापून आलं : ‘बाजाराचा भरवसा नसताना बेत कोणाचा? मालकाचा की मेस्त्रीचा?’ शेठ खूश. सकाळपासून सहा फोन आले. पाचजणांनी जेवणात काय आहे ते विचारलं. आता खाली बारीक अक्षरात ‘फक्त चहा’ असा शिक्का मारत बसलोय.