मदत हवी आहे: विजेची गणितं सुटतात, पण परिपथ जोडला की मुलं अडतात

फळा_खडू:
नववी-दहावीच्या विजेच्या धड्याची नव्याने आखणी करतोय. ओहमच्या नियमावरची (व्होल्ट = धारा × रोध) गणितं मुलं पटापट सोडवतात. पण टेबलावर परिपथ ठेवला की तीच मुलं ठामपणे सांगतात:

१) एकसर जोडणीत (एकामागोमाग एक) पहिला बल्ब विद्युतधारा 'खातो', दुसऱ्याला उरलेली मिळते.
२) समांतर जोडणीत (प्रत्येकाला वेगळी वाट) आणखी एक रोध लावला की एकूण रोध वाढतो.
३) 'तारेतून ३ व्होल्ट वाहतात.'

साहित्य असं: टॉर्चचे बल्ब (२.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर), पेन्सिल सेल, क्रोकोडाइल क्लिपच्या वायरी, साधे डिजिटल मल्टिमीटर. प्रयोगातले आकडे पुस्तकातल्या उत्तरांशी जुळत नाहीत, त्यामुळे गैरसमज आणखी पक्का होतो. सुरुवात कुठून करावी?

तांब्याची_तार:
यादीतलं तिसरं आधी घ्या, पहिली दोन त्याच्याच पोटातली आहेत. मुलांच्या डोक्यात 'वीज' नावाची एकच चीज असते, ती सेलमधून निघते आणि बल्बमध्ये संपते. काहीतरी संपतं हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. सेलमधली ऊर्जा बल्बमधून प्रकाश-उष्णता होऊन बाहेर जाते, प्रभार मात्र जितका आत गेला तितकाच बाहेर येतो. त्यामुळे उत्तरावर फुली मारू नका, 'नेमकं काय संपलं?' असं विचारा.

पहिला प्रयोग एकाच बल्बचा. धारा बल्बच्या अलीकडे मोजायची, मग पलीकडे. मोजण्याआधी प्रत्येकाने अंदाज आणि त्याचं कारण वहीत लिहायचं. हे राहिलं तर आकडा बघून 'मला तेच वाटलं होतं' म्हणतात आणि गैरसमज जिथल्या तिथे राहतो. दोन्हीकडे एकच मीटर वापरा. दोन मीटर लावले तर त्यांच्यातला शेवटच्या अंकाचा फरक मुलं 'बघा, थोडी खाल्ली' म्हणून धरून बसतात.

एकसर दोन बल्बांत एक सापळा आहे. एकाच छापाचे बल्बही तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे एक मंद दिसतो. तो नेमका दुसऱ्या जागी आला तर सगळी मेहनत वाया. तेव्हा बल्बांची अदलाबदल करा. मंद बल्ब जागा बदलूनही मंदच राहतो, म्हणजे दोष बल्बाचा, क्रमाचा नाही. सेल उलटा करूनही हेच दाखवता येतं.

चित्र हवंच असेल तर ८-१० मीटर दोरीची बंद कडी घ्या. मुलं गोलात उभी राहून ती सैल मुठीतून जाऊ देतात, एकजण ओढत राहतो. कुणीही मूठ आवळली की दोरी सगळीकडे एकदमच मंदावते आणि तळवा मात्र त्याचाच तापतो. समांतर जोडणीला ही दोरी चालत नाही, तिथे ती ताणू नका.

मिलिअँपिअर:
वरच्याशी सहमत, पण मीटरबाबत सावध. ०.३ अँपिअरचा बल्ब २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर लावला तर फ्यूज उडण्याची पूर्ण शक्यता. बल्बमधली बारीक तार म्हणजे तंतू, तो थंड असताना त्याचा रोध फार कमी असल्याने चालू करताच क्षणभर आणखी जास्त धारा जाते. बल्बांसाठी लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्येच.

फ्यूज उडालेला मीटर व्होल्ट नीट दाखवतो आणि मिलिअँपिअरला सगळीकडे शून्य. मुलं म्हणतात धाराच नाही. तपासायला हा मीटर मिलिअँपिअरच्या रेंजवर ठेवून दुसऱ्या मीटरने त्याचं मिलिअँपिअर आणि कॉमन सॉकेट यांच्यातला रोध मोजा. काही ओहम आले तर ठीक, अनंत आला तर फ्यूज गेला. मीटरवर छापलेल्याच मानाचा फ्यूज बसवा. आणि अमीटर, म्हणजे धारा मोजायला लावलेला मीटर, थेट सेलच्या दोन टोकांना कधीच नाही. स्वस्त मीटरांत १० अँपिअरच्या सॉकेटला बहुधा फ्यूज नसतो, मग सेल आणि वायरी तापतात.

आकडे न जुळण्याचं मूळ बल्ब आहे. तापलेल्या तंतूचा रोध २.५ ÷ ०.३, म्हणजे सुमारे ८.३ ओहम. थंड बल्ब मीटरने मोजला तर त्याच्या काही अंशच येतो. दोन बल्ब एकसर लावले तर तंतू कमी तापतात, रोधही उतरतो, म्हणून धारा निम्मी न होता दोन-तृतीयांशाच्या आसपास राहते. बल्ब दाखवायला ठेवा, मोजायला १०० ओहम, पाव वॉटचे रोध घ्या. ३ व्होल्टवर एकाला ३० मिलिअँपिअर, दोन एकसरला १५, दोन समांतरला ६०. नवे सेल असतील तर व्होल्ट थोडे जास्त भरतात, तेव्हा आधी सेल मोजून मगच अपेक्षित आकडा काढा. १० ओहमचे पाव वॉटवाले घेऊ नका. ३ व्होल्टवर ०.९ वॉट होतात, चटका बसेल.

फळा_खडू:
आभार, रोधांची सूचना लगेच अमलात आणतो. समांतरचं अजून अडतंय. नियमाप्रमाणे बल्ब वाढवला तरी उजेड तोच राहायला हवा, पण तिसरा लावला की तिन्ही मंदावतात. मुलं म्हणतात, 'सेल ठरलेलीच धारा देतो, ती तिघांत वाटली.'

तांब्याची_तार:
हा सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या स्वतःच्या आतला रोध. दोन सेलचा मिळून १ ओहम धरा. एका बल्बला ०.३ अँपिअरवर ०.३ व्होल्ट आतच पडतात, तिघांना जवळपास ०.९. बल्बांना ३ ऐवजी दोन-सव्वादोन व्होल्ट उरतात. प्रत्येक बल्ब लावताना सेलच्या टोकांवरचे व्होल्ट आणि एकूण धारा, दोन्ही लिहायला लावा. व्होल्ट उतरतात पण एकूण धारा वाढते, आणि 'ठरलेली धारा' तिथेच कोसळते. जुने सेल टाळा. १०० ओहमच्या रोधांवर हा परिणाम जवळजवळ दिसत नाही. समांतर रोध जोडताना 'रोध लावला' न म्हणता 'आणखी एक वाट उघडली' म्हणा.

मिलिअँपिअर:
विभवांतर, म्हणजे दोन टोकांमधला व्होल्टचा फरक, खरंच कळलंय का, हे पाहायला एक प्रश्न पुरतो. दोन सेल, एक बल्ब, एक उघडा स्विच. स्विचच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट? बहुतेक वही 'शून्य' म्हणेल, कारण धारा शून्य, मग गुणाकारही शून्य. मीटर ३ दाखवतो आणि बल्बवर शून्य. स्विच दाबला की आकडे अदलाबदल होतात. ओहमचा नियम रोधाला लावायचा, उघड्या फटीला नाही, हे इथे मुलांकडूनच वदवून घेता येतं. हा प्रयोग सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी करा, नंतर केलात तर अर्धा तास सूत्राशीच भांडण्यात जातो.