पावसाळ्यात सोलर घड्याळ

साताऱ्याच्या पावसाळ्यात सोलर घड्याळ (उजेडावर चार्ज होणारं मनगटी घड्याळ) चार्ज होईल का, असं एकाने विचारलंय. खुशाल घ्या. ढगाळ दिवशीही बाहेर दुपारी साधारण 10,000 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो; घरात ट्यूबलाइटखाली 500 मिळाले तरी खूप. तेव्हा रात्री दिव्याखाली ठेवत बसू नका, दिवसा खिडकीत तबकडी उजेडाकडे करून ठेवा. फुल बाहीचा शर्ट घालत असाल तर बाही जरा वर सरकवा, नाहीतर घड्याळ उपाशीच! माझं सिटिझन कंपनीचं इको-ड्राइव्ह हे सोलर घड्याळ आहे. चार्ज उतरला की सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो, मग लगेच उजेडात काढायचं. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र अजिबात नको, फार तापलं की आतला सेल खराब होतो. आणि कुणी साधा बटण सेल बसवून देतो म्हणालं तर लांबूनच हात जोडा. यात रिचार्ज होणारा वेगळा सेल लागतो.